चेनला तेल घालण्याआधी

सायकल जड चालायला लागली किंवा चेन कुरकुरायला लागली, की बहुतेक घरांत एकच उपाय होतो. शिलाई मशीनच्या तेलाची बाटली काढायची, चेनवर धार धरायची, पायडल चार वेळा उलटं फिरवायचं आणि निघायचं. आवाज लगेच थांबतो, त्यामुळे काम झालं असं वाटतं. पण आठवड्याभरात तीच चेन आधीपेक्षा काळी दिसायला लागते, पँटच्या पायाला आणि सलवारीला डाग पडतात, कुरकुर परत येते. मग पुन्हा तेल. असं वर्षभर चाललं की दुकानदार सांगतो, चेन गेली, फ्रीव्हीलही गेलं, दोन्ही बदलावी लागतील.

तेल न मिळाल्याने जितक्या चेन खराब होतात, तितक्याच न पुसता तेल ओतल्याने खराब होतात, असं माझं ठाम मत आहे. तेल हवं ते चेनच्या सांध्यांच्या आत. बाहेर राहिलेल्या तेलाचा चेनला काडीचाही उपयोग नाही; ते फक्त धूळ धरून ठेवतं. आणि ते काढायला फडक्यासारखं साधन नाही. म्हणून या लेखात तेलापेक्षा पुसण्याबद्दल जास्त लिहिलेलं दिसलं तर ते मुद्दाम आहे.

चेनच्या आत काय चालतं

चेन एकदा जवळून पाहा. दोन्ही बाजूंना कमरेत बारीक असलेल्या पोलादी पट्ट्या, त्यांना जोडणारी पिन, पिनभोवती बुश आणि बुशभोवती सैल फिरणारा रोलर. ही रचना मूळचे स्वित्झर्लंडचे अभियंता हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये इंग्लंडमधल्या मँचेस्टर शहरात केली. पाचच वर्षांनी, १८८५ मध्ये, ‘रोव्हर सेफ्टी’ सायकल आली आणि चेनने मागचं चाक फिरवायची पद्धत रूढ होत गेली. आजच्या गिअरच्या सायकलींच्या चेनमध्ये वेगळा बुश नसतो, त्याचं काम आतल्या पट्टीच्याच भोकाला काढलेली उभी कड करते. बाकी तत्त्व तेच, आणि दोन पिनांमधलं अंतरही तेच: अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर.

रोलर दात्यात बसतो ते आपल्याला दिसतं. झीज मात्र दिसत नाही त्या जागी होते, पिन आणि बुश यांच्यामध्ये. चेन दात्यांवर चढताना प्रत्येक सांधा वाकतो आणि उतरताना सरळ होतो. पुढच्या चेनव्हीलला ४४ दाते आणि चेनला ११२ कड्या आहेत असं धरा. मिनिटाला पायडलचे ६० फेरे झाले, तर एकेक सांधा तासाभरात साडेपाच हजारांहून जास्त वेळा हलतो. प्रत्येक वेळी पिन बुशात जराशी घासते. मध्ये तेलाचा पातळ थर असेल तर पोलाद पोलादाला लागत नाही. मध्ये रेतीचा बारीक कण शिरला असेल, तर तो तिथे कानशीसारखं काम करत राहतो.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९९९ मध्ये जेम्स स्पायसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायकलच्या चेनमध्ये किती शक्ती वाया जाते ते मोजलं. उत्तम स्थितीत चेनने पायांची ९८.६ टक्के शक्ती चाकापर्यंत पोचवली. नवल वाटावं अशी गोष्ट पुढेच आहे. प्रयोगशाळेतल्या स्वच्छ चेनवर तेल कोणतं आहे यावरून, किंवा तेल आहे की नाही यावरून, या आकड्यात फारसा फरक पडला नाही. म्हणजे तेल घातल्याने सायकल पळते असं नाही. तेल झीज रोखतं, गंज रोखतं आणि सांध्यातली मोकळी जागा भरून टाकून धुळीला आत यायला वाव देत नाही. रस्त्यावर, धुळीत आणि चिखलात, ही तिन्ही कामं लागतात. पण बाहेर साचलेलं तेल यातलं कोणतंच काम करत नाही.

खात्री करून घ्यायची असेल तर चेनवरचा काळा लगदा चिमटीत धरून चोळा. बोटांना आधी मऊ तुपकट लागतं, आणि दाब वाढवला की मधूनमधून खरखर जाणवते. ती खरखर म्हणजे रस्त्यावरची रेती आणि चेनच्या स्वतःच्या पोलादाचा चुरा. त्यावर नवं तेल घातलं की लगदा पातळ होऊन या चुऱ्याला सोबत घेऊन सांध्यात उतरतो. धुळकट चेनवर तेल घालू नये ते यासाठी.

पुसणं

जुना सुती कपडा घ्या. बनियन, धोतराचा तुकडा, विरलेली चादर, काहीही चालेल. फक्त कडेचे लोंबते दोरे कापून टाका. टेरिकॉट किंवा नायलॉन तेल शोषत नाही, नुसतं पसरवतं.

सायकल उभी कशी करायची हे ठरवून घ्या. जुन्या काळ्या सायकलींचा मागचा मोठा स्टँड चाक उचलून धरतो, तो असेल तर प्रश्नच नाही. बाजूच्या छोट्या स्टँडवर सायकल असेल तर पायडल उलटं फिरवताना डावं पायडल त्या स्टँडवर आपटतं. अशा वेळी स्टँड वर करून सायकल भिंतीला टेकवा. सीट आणि हँडलवर उलटी करून ठेवायची असेल तर खाली गोणपाट घाला, आणि हँडलवर दिवा किंवा घंटी असेल तर ती आधी फिरवून घ्या.

आता खालची बाजू, म्हणजे चेनव्हीलपासून मागच्या चाकाकडे जाणारा चेनचा खालचा पट्टा, फडक्यात मुठीने धरा आणि दुसऱ्या हाताने पायडल उलटं फिरवा. उलटंच. फ्रीव्हील असल्याने चाक फिरत नाही आणि हात ओढला जात नाही. पायडल सरळ फिरवत चेन पुसायला कधीही जाऊ नका, आणि फडकं दात्यांपासून वीतभर लांब ठेवा. लहान मुलांना हे काम जरूर शिकवा, पण पायडल फिरवणारा आणि फडकं धरणारा हात एकाच माणसाचे असू द्या. बोटं दात्यात सापडतात ती बहुतेक एकाने धरलेलं असताना दुसऱ्याने फिरवल्यामुळे.

पहिल्या फेऱ्यांत फडक्यावर जाड काळे पट्टे उमटतील. फडक्याची जागा बदलत राहा. वरून, खालून, मग दोन बोटांच्या चिमटीत धरून दोन्ही बाजूंनी. फडक्यावरचा काळा रंग करडा व्हायला लागला की थांबा. रोज सायकल वापरणाऱ्याने आठवड्यातून एकदा एवढंच केलं, तेलाला हातही लावला नाही, तरी चेनचं आयुष्य नक्की वाढतं. पाच मिनिटांचं काम आहे.

पुढच्या चेनव्हीलच्या दात्यांमध्ये आणि फ्रीव्हीलवर साचलेला लगदा मात्र फडक्याने निघत नाही. तो बारीक काडीने किंवा जुन्या पेचकसाने खरवडून काढा. गिअरची सायकल असेल तर मागच्या डिरेलरच्या, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाच्या, दोन छोट्या चाकांवर हा लगदा घट्ट वडीसारखा बसलेला असतो. पेचकसाची धार तिथे टेकवून पायडल उलटं फिरवलं की सालं निघावीत तसा निघतो. कॅसेटच्या, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचाच्या, दोन चकत्यांमध्ये कापडाची अरुंद पट्टी घालून मागेपुढे ओढली की तिथलाही मळ बाहेर येतो. ही चाकं आणि चकत्या तशाच ठेवून चमकवलेली चेन पहिल्याच फेरीत पुन्हा काळी होते.

मोठी सफाई

दोन-तीन महिन्यांतून एकदा, आणि पावसाळा संपल्यावर तर नक्की, चेन नीट धुवायला हवी. यासाठी रॉकेल उत्तम. रेशनचं रॉकेल आता सहजी मिळत नाही. रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन किंवा थोडं डिझेल चालतं. डिझेलचा वास राहतो आणि पुसायला वेळ लागतो, एवढंच. पेट्रोल वापरू नका. ते चेन छान साफ करतं हे खरं, पण त्याची वाफ जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीनेही पेटते. रॉकेलसुद्धा स्वयंपाकघरात किंवा देवघराजवळ नको. अंगणात किंवा गच्चीवर बसा.

साध्या सायकलच्या चेनला एक चेनलॉक असतो. बाकी कड्यांसारखीच कडी, पण तिच्या बाहेरच्या बाजूला छोटी क्लिप बसवलेली दिसते. पक्कडीने क्लिप सरकवली की कडी सुटते आणि चेन हातात येते. क्लिप उडून हरवते, म्हणून खाली कागद पसरा. चेन झाकणाच्या प्लास्टिकच्या बाटलीत सोडा, बुडेल इतकं रॉकेल घाला, झाकण लावा आणि मिनिटभर जोराने हलवा. पहिलं रॉकेल शाईसारखं निघेल. ते दुसऱ्या बाटलीत ओतून ठेवा, नवं घ्या, पुन्हा हलवा. तिसऱ्या वेळी रॉकेल बऱ्यापैकी स्वच्छ राहिलं पाहिजे. वापरलेलं रॉकेल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. बाटली दोन दिवस न हलवता ठेवली की गाळ तळाशी बसतो. वरचं निवळ पुढच्या वेळी पहिल्या धुण्याला वापरता येतं.

चेन काढायची नसेल, किंवा चेनकव्हर बंद पद्धतीचं असल्याने काढणं अवघड असेल, तर जुना टूथब्रश रॉकेलमध्ये बुडवून, झटकून, चेनवर घासा. झटकणं विसरू नका. ओघळणारं रॉकेल पायडलच्या मधल्या बेअरिंगमध्ये आणि मागच्या हबमध्ये उतरलं तर तिथलं ग्रीस धुऊन निघतं, आणि ते परत भरायचं तर सगळं उघडावं लागतं. टायरवर आणि रिमवर थेंब पडले तर लगेच पुसा. टायरचं रबर खराब होतं, आणि रिमवर तेलकटपणा राहिला तर ब्रेक लागत नाही. डिस्क ब्रेक असलेल्या सायकलीला तर चकतीवर फडकं गुंडाळूनच बसा.

रॉकेलचा वास नको असणाऱ्यांना भांडी घासायचं लिक्विड आणि गरम पाणी हाही पर्याय आहे. मळ चांगला निघतो. पण पाणी सांध्यात शिरतं, आणि ओली चेन तशीच रात्रभर राहिली तर सकाळी तिच्यावर तांबूस पूड दिसते. पाण्याने धुतली की लगेच पुसा, कडक उन्हात तासभर तरी ठेवा, पूर्ण वाळली की त्याच दिवशी तेल द्या. रॉकेलने धुतलेली चेनही वाळू द्यावी लागते. आत रॉकेल राहिलं तर नवं तेल पातळ होऊन वाहून जातं.

दोन गोष्टी मात्र टाळाच. गंज काढायला टॉयलेट क्लीनर, चिंच, लिंबू, व्हिनेगर असलं काही आंबट किंवा आम्ल असलेलं वापरू नका. तांब्या-पितळेच्या भांड्यांना चिंच ठीक आहे. चेनच्या कडक पोलादाला आम्ल लागलं तर ते ठिसूळ होऊ शकतं, आणि अशी पट्टी वरून चकचकीत दिसत असतानाच भार पडल्यावर तडकते. दुसरी गोष्ट, मोटारसायकल धुवायच्या सेंटरवर प्रेशरच्या पाण्याखाली सायकल धरू नका. बाहेरचा चिखल क्षणात जातो, पण ते पाणी वाळूसकट बेअरिंगमध्ये शिरतं.

चेन परत बसवताना क्लिपची दिशा पाहा. क्लिपचं एक टोक गोल बंद असतं, दुसरं फाटलेलं. चेनचा वरचा पट्टा पुढे सरकतो. त्या पट्ट्यावर असताना बंद टोक पुढे, उघडं टोक मागे. उलटी बसली आणि वाटेत कशाला घासली, तर उघड्या तोंडाने ती सुटून जाते आणि चेन भर रस्त्यात पडते. गिअरच्या सायकलींच्या जोडकड्यांना क्लिप नसते. त्यांतल्या अरुंद चेनच्या जोडकड्या काही कंपन्या एकदाच वापरायला सांगतात, तेव्हा त्या चेन उगाच काढू नका. जागेवरच साफ करा.

एक थेंब, एक रोलर

आता तेल. चेनलॉकची कडी शोधा, ती आपली खूण. खालच्या पट्ट्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे चेनच्या आतल्या बाजूला, एकेका रोलरवर एकेक थेंब सोडत जा आणि पायडल हळूहळू उलटं फिरवत राहा. थेंब रोलरवर पडतो, क्षणभर फुगून उभा राहतो, आणि मग रोलर आणि पट्टी यांच्यातल्या फटीत सरकून दिसेनासा होतो. तो दिसेनासा झाला पाहिजे. तसाच वर राहिला तर तेल फार जाड आहे, आणि पट्टीवरून खाली ओघळला तर थेंब मोठा पडला. चेनलॉक फिरून परत आला की थांबा. शंभर-सव्वाशे थेंबांत सगळी चेन होते. बाटलीचं तोंड मोठं असेल तर इंजेक्शनची रिकामी, सुई काढलेली सिरिंज वापरा.

मग पायडल मिनिटभर उलटं फिरवा, सायकल तशीच सोडून चहा घ्या; शक्य असेल तर रात्रभर ठेवा. तेल आत मुरायला वेळ लागतो. आणि त्यानंतर स्वच्छ फडकं घेऊन चेन पुन्हा पुसा, आताच घातलेलं तेल पुसून टाकतोय असं वाटेल इतकी घट्ट. हीच पायरी बहुतेक जण गाळतात. आत गेलेलं तेल फडक्याने निघत नाही, त्याची काळजी नको. चेन हाताला जवळजवळ कोरडी लागली पाहिजे, फक्त बोटावर हलकी चमक उमटावी.

तेल कोणतं, यावर दुकानागणिक वेगळं मत ऐकायला मिळतं. शिलाई मशीनचं तेल पातळ असल्याने छान आत शिरतं, स्वस्त आहे, गावोगावी मिळतं. उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात साध्या सायकलीला ते पुरेसं आहे, असं मी बिनदिक्कत सांगेन. पावसात मात्र ते लवकर धुऊन जातं. सायकलसाठी म्हणून मिळणाऱ्या तेलांत ‘ड्राय’ आणि ‘वेट’ असे दोन प्रकार असतात. ड्राय कोरड्या, धुळीच्या दिवसांसाठी. वेट जास्त चिकट, पावसात टिकणारं. वेट लावून मे महिन्यात मराठवाड्यातल्या कच्च्या रस्त्याने गेलात तर चेनवर मातीचा थर बसेल. गाडीचं नवं इंजिन ऑइल नाइलाज म्हणून चालेल, पण थेंब अगदी बारीक आणि पुसणं दुप्पट. गॅरेजमध्ये मिळणारं काळं, वापरलेलं ऑइल कधीही नको. त्यात इंजिनाच्या धातूचे कण आणि काजळी असते. ग्रीस बेअरिंगसाठी आहे. चेनवर ते आत शिरत नाही, बाहेरच बसून माती धरतं. मोटारसायकलच्या चेनचं ऑइल किंवा स्प्रे सायकलीला फार जाड पडतो.

स्वयंपाकघरातली तेलं घालू नका. शेंगदाणा, सूर्यफूल, करडई, कोणतंही खाद्यतेल हवेने घट्ट आणि चिकट होत जातं, कढईच्या बुडाला बसतं तसं. खोबरेल तर साधारण २४ अंशांखाली गोठतंच. नाशिक-पुण्याच्या थंडीत सकाळी ते चेनमध्ये पांढरं थिजलेलं सापडेल.

डब्ल्यूडी-४० हा निळा-पिवळा डबा आता घरोघरी आहे. तो १९५३ मध्ये अमेरिकेत पाणी हटवण्यासाठी बनवला गेला, आणि त्यात हलक्या विद्रावकाचा भाग मोठा आहे. भिजलेल्या चेनमधलं पाणी बाहेर काढायला, जाम झालेली कडी सोडवायला तो चांगला. पण त्याला तेल समजून थांबू नका, त्याचा थर फार काळ टिकत नाही. त्यानंतर चेन पुसा आणि खरं तेल घाला. डिस्क ब्रेकजवळ कोणताच स्प्रे मारू नका.

लांब पल्ल्याला जाणारे काही सायकलस्वार तेलाऐवजी मेण वापरतात. पॅराफिन मेण वितळवून त्यात पूर्ण स्वच्छ, तेलाचा अंशही नसलेली चेन बुडवायची आणि टांगून गार करायची. कोरड्या हवेत अशी चेन फारच स्वच्छ राहते, हात लावला तरी काळा होत नाही. पण मेणाचं भांडं थेट गॅसवर ठेवू नका. उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवून वितळवा, कारण तापलेलं मेण पेट घेतं. पावसात मेणाचा भरवसा नाही. रोज शाळेला किंवा कामाला जाणाऱ्या सायकलीला हा खटाटोप मी सुचवणार नाही.

किती दिवसांनी

कोरड्या दिवसांत साधारण दर दोनशे किलोमीटरला तेल पुरतं. रोज आठ-दहा किलोमीटर होत असतील तर महिन्यातून एकदा, आणि पुसणं आठवड्याला. पण तारखेपेक्षा कान जास्त विश्वासू आहे. शांत रस्त्यावर चेनची कोरडी किरकिर ऐकू आली की तेलाची वेळ होऊन गेलेली असते. आवाज गुळगुळीत पण जड, घसघशीत असेल तर तेल नको, सफाई हवी.

पावसाळ्यात हिशेब बदलतो. भिजून घरी आलात की सायकल आडोशाला घ्या आणि आधी चेन कोरड्या फडक्याने पुसा, मग स्वतःचं डोकं. आठवड्याला एकदा तेल. जूनच्या पहिल्या सरींत रस्त्यावरची उन्हाळ्याची सगळी धूळ चिखल होऊन चेनवर उडते, त्या आठवड्यात दोनदा पुसावी लागली तरी पुसा. कोकणातल्या तांबड्या जांभ्याच्या मातीत बारीक कठीण खडे असतात. देशावरची काळी माती चिकटून वाळते आणि चेनकव्हरच्या आत गोळे धरते. कव्हरचा खालचा भाग तेव्हा काडीने मोकळा करा.

मुंबई, रत्नागिरी, गोवा अशा किनाऱ्यावर राहणाऱ्यांची चेन पाऊस नसतानाही गंजते. हवेतलं मीठ ते करतं. तिथे चेन कोरडी दिसली की लगेच तेल द्या. आणि सागरी मार्गाने फिरायला जाणाऱ्यांना एक विनंती आहे: गुहागर, मुरूड, दिवेआगरच्या ओल्या वाळूवरून सायकल चालवायचा मोह झालाच, तर मुक्कामी पोचताच आधी गोड्या पाण्याने, बादली-मगाने, चेन आणि चाकं धुवा. वाळू असलेली चेन थेट पुसलीत तर ती वाळू आणखी आत जाते. धुऊन, पुसून, वाळवून, त्याच संध्याकाळी तेल. मीठ सकाळपर्यंत थांबत नाही.

राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलींना सायकली मिळतात. त्या वाड्यावस्त्यांच्या कच्च्या वाटांवरून रोज चालतात, आणि त्यांच्या चेन पाहिल्या की वाईट वाटतं. पावसाळ्यानंतर कित्येक नुसत्या गंजाच्या. शाळेत एक तेलाची बाटली, चिंध्यांची पिशवी आणि शनिवारची अर्धी सुट्टी एवढ्यावर सगळ्या सायकली वर्षभर नीट राहू शकतात. शिक्षकांनी हे मनावर घ्यावं. चेन पडून उशीर झाला म्हणून मुलीची शाळा बुडू नये.

चेन बदलायची केव्हा

चेन ‘ताणली’ असं आपण म्हणतो, पण पट्ट्या लांबत नाहीत. प्रत्येक सांध्यात पिन आणि बुश झिजतात, आणि त्या पोकळ्यांची बेरीज होऊन चेन लांब होते. मोजायला सोपी आहे. नव्या चेनच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. शाळेची फूटपट्टी १२ इंचालाच संपते, म्हणून मोजायचा टेप घ्या. टेपच्या टोकाची पत्र्याची कड किंचित हलती असते, तेव्हा एक इंचाची खूण एका पिनेच्या मध्यावर धरा, चेन ताणून ठेवा आणि पुढची चोविसावी पिन पाहा. ती १३ इंचावर असेल तर चेन उत्तम. सोळांश इंचाने पुढे गेली असेल तर गिअरच्या सायकलीची चेन लगेच बदला. अष्टमांश इंच पुढे गेली असेल तर साध्या सायकलीचीही बदला, आणि फ्रीव्हीलचे दातेही तपासा. ते टोकाला निमुळते, एका बाजूला कललेले दिसले तर तेही गेले.

सोळांश इंच म्हणजे किती थोडं! एका सांध्याची झीज ०.०६ मिलिमीटरच्या आसपास, केसाच्या जाडीएवढी. पण तेवढ्याने कड्या दात्यांत नीट बसेनाशा होतात आणि चेन दाते कोरायला लागते. चेन स्वस्त असते, कॅसेट महाग. वेळेवर चेन बदलली तर दोन-तीन चेनपर्यंत कॅसेट टिकते.

चेन ढिली झाली की काही मेकॅनिक दोन कड्या काढून देतात. ढिलेपणा जातो, पण झिजलेले सांधे तसेच राहतात. आधी मोजा. चेन मोजमापात चांगली असेल तर मागच्या चाकाचे नट सैल करून चाक मागे ओढा, दोन्ही बाजू सारख्या ठेवा आणि नट आवळा. चेनच्या मध्यावर बोटाने वर-खाली केल्यावर अर्धा इंच हलली पाहिजे. चेनव्हील क्वचितच अगदी गोल फिरतं, म्हणून पायडल थोडं थोडं फिरवून पूर्ण फेरीभर तपासा. जिथे चेन सगळ्यांत घट्ट होते, तिथे हा अर्धा इंच हवा. तारेसारखी ताठ चेन चालवू नका, तिने बेअरिंग जातात. चाक सरकवलं की मागचा ब्रेकही पाहून घ्या.

काम संपल्यावर काळे झालेले हात साबणाने घासत बसू नका. आधी चमचाभर खोबरेल किंवा कोणतंही खाण्याचं तेल कोरड्या हातांवर चोळा, चिमूटभर साखर घेऊन नखांच्या कडा घासा, कागदाने पुसा आणि मग साबण लावा. कपड्यावर चेनचा डाग पडला असेल तर पाण्यात टाकण्याआधी त्यावर टाल्कम पावडर दाबून तासभर ठेवा, झटका, भांड्यांचं लिक्विड सुक्या डागावरच चोळा आणि मग धुवा. शाळेचा पांढरा गणवेश असला तर हे त्याच संध्याकाळी करा. इस्त्री झाली की तो डाग निघत नाही.